सही तुमची, पण डोंगल कुणाच्या खिशात?

वाचक विचारतात : ग्रामपंचायत आणि आपण

मागच्या अंकात आपण ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आणि येऊ बघणाऱ्या बायांना प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. इतके येतील असं खरंच वाटलं नव्हतं. व्हॉइस नोट तर कितीतरी, त्यातल्या काही रात्री अकरानंतर हळू आवाजात बोललेल्या, मागे पोरगं खोकतंय, भांडी वाजतायत. एका पत्रातलं अक्षर शाळेतल्या मुलीचं आहे आणि खाली आईचा अंगठा. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून जे दहा-दहा जणींनी विचारलंय तेच घेतलंय. नावं गावं मुद्दाम टाकली नाहीत, गाव लहान असतं आणि कोण बोललं ते लगेच कळतं.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सरपंच झाले, जागा बाईसाठी राखीव होती. ग्रामपंचायतीत मी बोलावलं की जाते, बाकी सगळं मालक बघतात. माझ्या डिजिटल सहीचा तो डोंगल (पेन ड्राइव्हसारखा असतो तो) त्यांच्याकडे असतो, पिन त्यांनाच माहीत, ओटीपी येतो तो मोबाईल पण त्यांचाच. आता ऐकतेय की गटारीचं बिल निघालं आणि काम अर्धंच झालंय. मला काही होईल का? (सरपंच, मराठवाडा)

उत्तर : ताई, होऊ शकतं. हे सरळ सांगते कारण गोड बोलून तुमचं नुकसान होईल. वित्त आयोगाचा पैसा आता चेकने निघत नाही, ऑनलाईन निघतो, आणि त्याला दोन चाव्या लागतात, एक ग्रामसेवकाची (आता पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ग्रामसेवकच म्हणतात) आणि एक तुमची. डोंगल लावून पिन टाकला की कायद्याच्या नजरेत ती तुमचीच सही. उद्या चौकशी लागली तर नोटीस तुमच्या नावाने येणार, मालकांच्या नाही. ग्रामपंचायत कायद्याच्या ३९ कलमाखाली पदावरून काढतात ते सरपंचाला, सरपंचाच्या नवऱ्याला काढायला तो मुळात कुठल्या पदावरच नसतो.

पहिलं काम हे करा, की ज्या मोबाईलवर ओटीपी येतो तो नंबर बदलून तुमचा स्वतःचा करून घ्या. साधा अर्ज लिहा, ग्रामसेवकाकडे द्या, एक प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्या. शिक्का मारलेली पोच, तोंडी 'बघतो ताई' ही पोच नव्हे. डोंगल परत घ्या, पिन बदला, आणि तो पिन घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवू नका. हसू नका, मी स्वतः पाहिलंय, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी पिन लिहिलेला.

मग त्या गटारीकडे जा. खरोखर जा, सोबत दोन सदस्य बायका घ्या आणि एक मोजायचा टेप घ्या. किती मीटर काम झालंय ते वहीत लिहा, मोबाईलवर फोटो काढा. मग ग्रामसेवकाकडे त्या कामाचं अंदाजपत्रक मागा, इंजिनिअरचं मोजमाप पुस्तक म्हणजे एमबी मागा, आणि कॅशबुक, म्हणजे नमुना ५, उघडून त्या बिलाची नोंद दाखवा म्हणा. ग्रामपंचायतीचं सगळं दप्तर १ ते ३३ नमुन्यांत असतं, सगळे पाठ करायची गरज नाही, सुरुवातीला तीन-चार ओळखले तरी पुष्कळ : १ म्हणजे ग्रामपंचायतीचं वर्षाचं अंदाजपत्रक, ५ म्हणजे कॅशबुक, ८ म्हणजे घरांची कर आकारणी, ९ म्हणजे कराची मागणी. मोजमाप आणि बिल जुळत नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा की हे माझ्या लक्षात आलंय आणि चौकशी व्हावी. तुम्ही आधी कळवलंत हा कागद पुढे तुमच्या कामाला येतो. कुठल्या कामावर किती खर्च पडला ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही दिसतं, तुमच्या पोरीला सांगा, ती मोबाईलवर काढून दाखवेल.

अजून एक गोष्ट, जी सांगितली नाही तर मला झोप लागणार नाही. मासिक सभा वेळेवर बोलावणं आणि वर्षातल्या ग्रामसभा घेणं ही सरपंचाची जबाबदारी आहे, सबळ कारण नसताना सभा घेतल्या नाहीत तर सरपंचपद जाऊ शकतं. कितीतरी बायकांची पदं अशीच गेली, नोटीस काढायची राहिली मालकांकडून, अपात्र झाली बाई. म्हणून सभांच्या तारखा तुम्ही स्वतः लिहून ठेवा.

मालकांचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत पण पत्राच्या ओळींमध्ये तेच आहे. मी घर मोडा म्हणणार नाही. बऱ्याच घरात नवऱ्याला खरंच वाटत असतं की तो मदत करतोय. त्यांना एवढंच दाखवा की नोटीस आली तर कुणाच्या नावाने येते. महिला सरपंचाच्या नातेवाईकांनी कारभारात ढवळाढवळ करू नये अशी शासनाची परिपत्रकं आहेत, आणि हा 'सरपंच पती'चा प्रकार देशभर इतका माजलाय की सुप्रीम कोर्टात विषय गेल्यानंतर केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २०२३ साली त्यावर समिती नेमली होती. ऑफिसात तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं असेल तर काय करायचं, तर आमच्या एका प्रशिक्षणातल्या सरपंचबाईने केलं ते सांगते. ती गेली, दीर खुर्चीत बसलेला, ती काही बोलली नाही, नुसती त्या खुर्चीच्या शेजारी उभी राहिली, हातात पर्स, आणि उभीच राहिली. शिपाई आला, दाखल्याला आलेली माणसं आली, ती उभीच. सातव्या-आठव्या मिनिटाला दीर उठला. ती बसली आणि म्हणाली, 'दाखला कुणाचा आहे, आणा इकडं.' हे सांगताना तिचा आवाज थरथरत होता, आणि आम्ही सगळ्या रडत होतो.

प्रश्न : मी सदस्य आहे, मला वाचता येत नाही, फक्त सही शिकलेय. मीटिंगला गेलं की रजिस्टर पुढं करतात, सही करा म्हणतात, चहा देतात, झालं. विरोध करायचा तर काय बोलायचं? (सदस्य, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : मावशी, एक वाक्य पाठ करा : 'आधी वाचून दाखवा, मग सही करते.' हे बोलायला शिक्षण लागत नाही आणि याला कुणी नाही म्हणू शकत नाही.

ते जे पुढं करतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक हजेरीची सही, ती करायला हरकत नाही, तुम्ही आलात एवढंच ती सांगते. दुसरं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, त्यात ठराव लिहिलेले असतात. तिथं पान कोरं असेल, किंवा वर दोन ओळी आणि खाली सगळी जागा मोकळी असेल, तर सही करू नका. मोकळ्या जागेत रात्रीतून काय काय उगवतं ते तुम्हाला गावात कुणीही सांगेल. ठराव पटला नाही तर म्हणा, 'माझा विरोध लिहा, सूचक अनुमोदक कोण तेही लिहा', आणि लिहिलेलं परत वाचून घ्या. तो एका ओळीचा विरोध पुढं चौकशीत तुम्हाला वाचवतो.

मीटिंगचा अजेंडा मासिक सभेच्या पूर्ण ३ दिवस आधी मिळायला हवा. तो घरी आला की सुनेकडून, नातीकडून, बचतगटाच्या सीआरपीकडून (गटांचं काम बघणारी गावातली ताई) वाचून घ्या आणि आपल्याला कशावर बोलायचंय ते ठरवून जा. एक सदस्य मला माहीत आहे, भटक्या समाजातली, ती वहीत चित्रं काढते, नळ, दिव्याचा खांब, शाळेची खोली, आणि काम मंजूर झालं की चित्राला गोल करते, पूर्ण झालं की आडवी रेघ मारते. तिच्या वहीत सतरा गोल होते आणि रेघा पाच. ग्रामसेवकाला ती वही दाखवली तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

प्रश्न : आमच्या वॉर्डात यावेळी अनुसूचित जातीच्या महिलेसाठी जागा सुटेल असं म्हणतात. मला उभं राहायचंय. माझ्याकडं जातीचा दाखला नाही, सासरचे म्हणतात नवऱ्याचा आहे तोच लाव. चालेल का? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : नाही चालणार, बाळा, आणि इथंच आपल्या बायका सगळ्यात जास्त अडकतात. बाईची जात लग्नाने बदलत नाही, ती वडिलांकडूनच धरतात. म्हणजे कागद सगळे माहेरचे. आणि माहेर असतं दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात, भाऊ कामावर, वडील वारलेले, शाळेत गेलं तर म्हणतात जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लं.

म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका, आत्ता सुरुवात करा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, जातीचा आणि त्या भागातल्या रहिवासाचा. (अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखा इतर वाचकांनीही लिहून ठेवा.) आजोबांचा, चुलत आजोबांचा शाळेचा दाखला, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बघा. माहेरच्या बाजूने सख्खा भाऊ, चुलता, चुलतभाऊ यांच्यापैकी कुणाकडे व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, असेल तर अर्धं काम झालंच समजा, त्याची प्रत आणि वंशावळ जोडा. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवायला लग्नाचा दाखला किंवा राजपत्र लागतं, ते ऐन वेळी आठवतं आणि फॉर्म राहतो.

दाखला मिळाला की लगेच जात पडताळणी समितीकडे अर्ज करा. फॉर्म भरताना व्हॅलिडिटी हातात नसेल तर अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र चालतं, पण मग निवडून आल्यावर ठरवून दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र द्यावं लागतं, नाहीतर निवड रद्द. जिंकलेल्या बाईची निवड एका कागदापायी रद्द झालेली बघितली की पोटात तुटतं. आणि हे पारधी, मसणजोगी, वैदू अशा घरातल्या बाईला विचारा, ज्यांचा बाप पालात जन्मला आणि शाळेची पायरी चढला नाही, तिनं इतका जुना कागद कुठून आणायचा? लेखी पुरावा पुरेसा नसेल तर समितीचं दक्षता पथक घरी येऊन चौकशी करतं, चालीरीती, नातेसंबंध विचारतं. त्या चौकशीला घाबरू नका, जाणत्या म्हाताऱ्या माणसांना घरी बोलावून ठेवा.

नवऱ्याचा दाखला लावून फॉर्म भरलात तर तो छाननीतच उडेल, किंवा त्याहून वाईट, निवडून आल्यावर कुणीतरी तक्रार करेल. तुम्ही माहेरी एक चक्कर मारून या.

प्रश्न : किती शिकलेलं लागतं आणि तीन मुलं असली तर उभं राहता येतं का? (अनेकजणींचा प्रश्न)

उत्तर : १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास लागतं. त्याआधीचा जन्म असेल तर शिक्षणाची अट नाही. वय २१ पूर्ण. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर अपात्र. मला हा नियम बायकांच्या बाबतीत अन्यायाचा वाटतो, किती मुलं व्हावीत हे जिच्या हातात कधी दिलंच नाही तिला त्याच कारणाने बाहेर ठेवायचं, पण आज तरी नियम आहे आणि लपवून फॉर्म भरला तर पद जातं. घरपट्टी पाणीपट्टी थकलेली असेल तर आधी भरून पावती जपून ठेवा.

आणि हो, राखीव जागा संपली म्हणून बाई संपत नाही. पुढच्या वेळी तोच वॉर्ड खुला झाला तरी तुम्ही तिथूनच उभ्या राहू शकता. खुली जागा म्हणजे पुरुषांची जागा असं जे गावात बोलतात ते चूक आहे.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो, दिवाळी झाली की निघतो ते उन्हाळ्यात परत. ग्रामसभेत आमचं कुणी ऐकत नाही कारण आम्ही नसतोच. यंदा माझी जाऊ सदस्य झालीय, ती पण टोळीबरोबर जाते. काय करावं? (बीड जिल्हा)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 'आम्ही नसतोच' या दोन शब्दांवर अडकले.

आता तारखा बघा. ग्रामसभा वर्षातून किमान ४ व्हायला लागतात, आपल्याकडे त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. तुम्ही फडात असता ती फक्त २६ जानेवारीची. बाकी तीन वेळा तुम्ही गावातच आहात. आणि यातली २ ऑक्टोबरची सगळ्यात मोलाची, कारण पुढच्या वर्षाचा गावाचा आराखडा, 'आमचं गाव आमचा विकास' म्हणतो तो, त्याची चर्चा तिथून सुरू होते. तेव्हा कोयता हातात घ्यायच्या आधी ती ग्रामसभा गाठा. पन्नास बायका गेलात तर चित्रच बदलेल, कारण ग्रामसभेचा कोरम, म्हणजे सभेला कमीत कमी लागणारी हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. तुमच्या तांड्यातल्या, वस्तीतल्या बायका एकत्र आल्या तर निम्मा कोरम तुमचाच. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर लक्ष ठेवा, तहकूब सभेला कोरम लागत नाही, तिथं दहा माणसांत ठराव होऊन जातात.

मागणी तोंडी करू नका, कागदावर द्या. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना रेशन, तुम्ही नसताना शाळेत मुलांची सोय, परत आल्यावर वस्तीत पाणी, जे काय असेल ते. वीस सह्या अंगठे घ्या, पोच घ्या, आणि ती पोच ट्रकमध्ये बसायच्या आधी गावात राहणाऱ्या एखाद्या विश्वासू बाईकडे देऊन जा, म्हणजे जानेवारीच्या सभेत ती विचारेल की या कागदाचं काय झालं.

जावेचं मात्र फार जपून. ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय सदस्य सलग ६ महिने सभांना आला नाही, किंवा ४ महिन्यांहून जास्त सलग गावाबाहेर राहिला, तर सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे तुमचा हंगाम बरोबर त्या दरीत पडतो. तिनं निघायच्या आधी रजेचा अर्ज मासिक सभेत द्यावा आणि रजा मंजूर झाल्याचा ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यावा, त्याची नक्कल घ्यावी. शक्य असेल तर मधे एकदा एका सभेपुरती येऊन जावी, मुकादमाशी आधीच बोलून ठेवा. उचल घेतलेल्या बाईला एक दिवसाची सुट्टी मागणं किती कठीण आहे हे मला माहीत आहे, खाडा पडला की पैसे कापतात. पण तिची जागा गेली तर पुढची पाच वर्षं परत तेच, आम्ही नसतोच.

प्रश्न : मी बौद्ध समाजाची, सरपंच होऊन वर्ष झालं. १५ ऑगस्टला झेंडा दुसऱ्याच्या हातून लावला, मला बाजूला उभं केलं. आता सदस्य म्हणतात राजीनामा दे नाहीतर अविश्वास आणतो. निवडणुकीच्या वेळी पॅनलवाल्यांनी एका कोऱ्या कागदावर माझी सही घेतली होती, अडीच वर्षं तुझी अडीच वर्षं तिची म्हणून. (विदर्भ)

उत्तर : ताई, आधी तो कोरा कागद. त्याला घाबरून राजीनामा देऊ नका. सरपंचाचा राजीनामा पंचायत समितीच्या सभापतींकडे जातो, ग्रामसेवकाच्या कपाटात ठेवून तो होत नाही. त्या कागदावर कुणी राजीनामा लिहून दिलाच तर तो माझा नाही, सही फसवून घेतलेली आहे, अशी तक्रार ७ दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. तोवर वाट कशाला बघता, आजच सभापती आणि गटविकास अधिकारी दोघांना पत्र द्या की माझी कोऱ्या कागदावर सही घेतलेली आहे, मी राजीनामा देणार नाही, असा कागद आला तर मला समक्ष बोलावून विचारा.

अविश्वासाचं म्हणाल तर तुम्ही जनतेतून थेट निवडून आला असाल (२०२२ पासून परत थेट निवड सुरू झालीय) तर पहिली २ वर्षं अविश्वास आणताच येत नाही. त्यानंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि वर ग्रामसभेने त्याला मान्यता द्यावी लागते, म्हणजे ज्या गावाने निवडलं त्या गावालाच परत विचारतात. म्हणून सदस्यांच्या धमकीपेक्षा तुमच्या मतदारांशी बोलणं चालू ठेवा.

झेंड्याचं. तुम्ही त्याबद्दल एकच ओळ लिहिलीत पण पेन दाबून लिहिलीय, कागदाच्या मागे उमटलंय. अनुसूचित जाती-जमातीच्या सरपंचाला किंवा सदस्याला त्याच्या पदाचं काम करण्यापासून रोखणं, धमकावणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे, २०१५ च्या दुरुस्तीने तो स्वतंत्रपणे लिहिलाय. तक्रार द्यायची की नाही हा निर्णय तुमचा, गावात राहायचं तुम्हाला आहे, मला नाही, म्हणून मी इथं बसून 'द्याच' असं म्हणणार नाही. पण काय झालं, कोण होतं, कुणी काय बोललं, तारीख वार सगळं आजच लिहून ठेवा, आणि पुढच्या २६ जानेवारीच्या आधी तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवून ठेवा की ध्वजारोहण सरपंच म्हणून मी करणार आहे. सोबत एकटी जाऊ नका.

आणि विचखेड्याची गोष्ट ऐका. जळगाव जिल्ह्यातलं गाव, तिथल्या महिला सरपंचाला सरकारी जागेवरच्या घरात राहते म्हणून अपात्र ठरवलं, खाली कुठंच दाद लागली नाही. २०२४ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला, तिला पदावर कायम ठेवलं, आणि स्पष्ट म्हटलं की गावकऱ्यांना बाई सरपंच झाली हेच पचलेलं दिसत नाही, आणि लोकांनी निवडून दिलेल्या बाईला काढण्याची बाब इतकी हलक्यात घेता येत नाही. तुमच्या घराच्या जागेचा, सासऱ्याच्या नावच्या अतिक्रमणाचा असा काही विषय निघू शकतो का ते आधीच तपासून घ्या, हल्ली बायकांना काढायला हेच हत्यार वापरतात.

प्रश्न : महिला सभा म्हणून आमच्या गावात कधी झालीच नाही, पण कागदावर असते म्हणे. ती झाली तरी तिथं काय विचारायचं? (सातारा जिल्हा)

उत्तर : दर नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. कागदावर झाली असेल तर तिची नक्कल माहितीच्या अधिकारात मागा, १० रुपयांचा अर्ज (दारिद्र्यरेषेखालील असाल तर तोही खर्च नाही), आणि सह्या कुणाच्या आहेत ते बघा. एका गावात त्या यादीत दोन वर्षांपूर्वी वारलेल्या बाईची सही निघाली होती.

पहिल्या सभेत एकच विचारा : ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते गेल्या वर्षी किती रुपये होते आणि कशावर गेले? आकडा मागा. (१५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी, तेही विचारा.) बऱ्याच ठिकाणी ते हळदीकुंकवाच्या भेटवस्तूंवर, नाहीतर कुणाच्या तरी दुकानातून घेतलेल्या शिलाई मशीनवर जातात. तुमच्या अंगणवाडीला पाणी नाही, बायकांच्या संडासाला दार नाही, तर त्यासाठी मागा. घराच्या नमुना ८ वर नवऱ्याबरोबर तुमचं नाव लावायचा अर्जही त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून द्या, परित्यक्ता आणि विधवा बायकांचे अर्ज सगळ्यात आधी.

आणि बायकांचे ठराव होतात का, तर होतात. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं उदाहरण घ्या म्हणून परिपत्रक काढलं. त्याच्या कितीतरी आधी, आरक्षण यायच्याही आधी, १९८९ साली शेतकरी संघटनेच्या समग्र महिला आघाडीने पूर्ण बायकांची पॅनल उभी केली आणि जळगावचं विटनेर, यवतमाळचं मेटीखेडा अशा गावात बायकांनी सगळी ग्रामपंचायत चालवली. तेव्हा ५० टक्के आरक्षणही नव्हतं.

प्रश्न : माझी आई सरपंच झाली, तिला मोबाईल नीट येत नाही. मी तिला मदत करतो पण हल्ली लोक मलाच 'सरपंच' म्हणतात. मला ते आवडत नाही. माझं चुकतंय का? (वय २३, नाशिक जिल्हा)

उत्तर : तू विचारलंस याचाच मला इतका आनंद झाला की तुझं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

तिला गाडीवर ऑफिसपर्यंत सोड, पण आत जाऊ नकोस, बाहेर थांब. कुणी तुझ्याकडे काम घेऊन आलं तर म्हण, 'आई आत आहे, तिला भेटा.' फोन आला तर तिला दे, ती चुकीचं बोलली तरी मधे बोलू नकोस. रात्री अर्धा तास तिच्याजवळ बस आणि दिवसभरात ज्या कागदावर तिनं सही केली तो कशाचा होता ते तिला सांगायला लाव, तू सांगू नकोस. पोर्टल उघडून दे, पण बोट तिचं असू दे, दहा वेळा चुकेल, चुकू दे. यशदाचं (पुण्याची सरकारी प्रशिक्षण संस्था) किंवा पंचायत समितीचं प्रशिक्षण लागलं तर तिलाच पाठव, तिच्या जागी तू जाऊन बसू नकोस. तिकडं तिच्यासारख्या पंधरा-वीस जणी भेटतील, ती त्यांचे नंबर घेऊन येईल, आणि मग अडलं की तुझ्याऐवजी त्यांना फोन लावेल. आणि तिचं मानधन (२०२४ मध्ये ते दुप्पट झालंय, दोन हजारापर्यंत वस्तीच्या गावाला महिना ६,००० रुपये) तिच्या स्वतःच्या खात्यात येतंय ना, तेवढं या आठवड्यात तिच्याबरोबर बँकेत जाऊन बघून घे. पासबुक तिच्या हातात दे.